खाजाभाईंची सहावी तार

माझी बायको मनकर्णा लग्नाच्या पहिल्या वर्षापासून मला एकच गोष्ट ऐकवत आली. "तुम्हाला सूर कळतात, माणसं कळत नाहीत." मी चिडायचो. चिडणं हा माझा जोडधंदाच होता, मुख्य धंदा पेटी शिकवण्याचा. नगरला तोफखाना भागात माझा क्लास होता. दारावर 'पुंजाराम मास्तर, संगीत शिक्षक' अशी पाटी होती, आणि या गावात आपल्याइतका तयार कान दुसऱ्या कुणाचा नाही अशी माझी पक्की समजूत होती. त्या समजुतीपायी मी एका माणसाचं जे नुकसान केलं, ते आज लिहून काढतोय. तो माणूस आता नाही, त्यामुळे माफी मागायची सोयही उरलेली नाही.

खाजाभाई पिंजारी झेंडीगेटजवळच्या एका बोळात राहायचे. गाद्या-रजयांमधला दबलेला कापूस पिंजून मोकळा करायचा आणि पुन्हा भरून द्यायचा, हा त्यांचा वाडवडिलांपासूनचा धंदा. त्यांचं पिंजण म्हणजे पुरुषभर लांबीचं लाकूड आणि त्याला ताणून बांधलेली आतड्याची जाड तात. ती तात कापसाच्या ढिगात धरून वर लाकडी मोगरीचा ठोका मारला की थरथरते आणि कापूस उडून फुलतो. त्या ठोक्याला एक घुमारा असतो. दिवाळी झाली की खाजाभाई पिंजण खांद्यावर टाकून मिरजगावच्या बाजूला गावोगाव फिरायचे. गावात शिरून एक ठोका टाकला की बाया आपापल्या रजया घेऊन ओट्यावर यायच्या, हाळी द्यावी लागत नसे.

पिंजण त्यांच्या वडलांचं, आणि तातही वडलांनीच वळलेली. काम करता करता वडील एक चाल गुणगुणायचे. तिला शब्द नव्हते, ताल मात्र ठोक्यांचा होता. वडील वारल्यावर पिंजण दोघा भावांकडे आलं, खाजाभाई आणि त्यांच्याहून दहा वर्षांनी धाकटा शमशेर. शमशेरला कापसापेक्षा तातीचा नाद जास्त. थोरला घरात नसला की तो तात बोटानं दाबून तिच्यावर वडलांची चाल काढायचा. सन बेचाळीसच्या उन्हाळ्यात असाच वाजवत बसला असताना त्यानं सूर चढवायला तात जास्त ताणली आणि ती मधोमध तुटली. खाजाभाई नेमके तेव्हाच दारात आले.

"बापाची तात तुज्या हातात टिकली न्हाई, आता घर काय टिकनार?" ते म्हणाले. "चल, नीघ. पुन्यांदा तोंड दावू नको मला."

हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना एक शब्दही इकडचा तिकडं केला नाही. शमशेरनं तातीच्या दोन तुकड्यांपैकी एक उचलला, गुंडाळून खिशात घातला आणि निघून गेला. पुढं कळलं की तो भिंगार कॅम्पात भरती झाला, खेचरं सांभाळायच्या कामावर, आणि ब्रह्मदेशाकडं गेला. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. खाजाभाईंनाही येत नव्हतं. चार वर्षं त्याचा काही ठावठिकाणा नव्हता.

लढाईच्या त्या वर्षांत कॅम्पातल्या लष्करी दवाखान्याच्या गाद्या पिंजायचं काम खाजाभाईंकडे होतं. तिथं पाय प्लास्टरात घातलेला एक गोरा शिपाई पडल्या पडल्या गिटार वाजवायचा. ही गिटार उभी धरून वाजवायची नव्हे. मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. तिला हवाइयन गिटार म्हणतात. खाजाभाई कापूस पिंजता पिंजता त्याच्याकडं बघत राहायचे आणि तो यांच्या पिंजणाकडं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. चव्वेचाळीस साली त्याला मायदेशी पाठवलं तेव्हा जाताना त्यानं ती गिटार खाजाभाईंच्या कापसाच्या ढिगावर ठेवली आणि पाठीवर थाप मारून गेला. तिच्यावर सहापैकी दोनच तारा उरल्या होत्या, त्याही गंजलेल्या.

म्हणून ते माझ्याकडं आले. रजईच्या खोळीत गुंडाळलेली गिटार पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "मास्तर, हिला तारा कंच्या लावू?"

मी गिटारीच्या वाटेला कधी गेलो नव्हतो, पण नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही. मी त्यांना सतारीच्या तारा दाखवल्या आणि तासभर व्याख्यान दिलं. जाड तार खालच्या सुराला, बारीक तार वरच्या सुराला. बारीक तार खाली उतरवली तर ढिली पडते, कांडी ठेवली की नुसती खडखडते. जाड तार वर चढवली तर ती तरी तुटते नाहीतर तारांखालची घोडी उपटते. खाजाभाई मान डोलावत ऐकत होते. हे सगळं त्यांना माहीत होतं, हे मला फार नंतर कळलं. ज्यानं जन्मभर तात ताणली त्याला ताण म्हणजे काय हे मी शिकवत होतो!

महिन्याभरानं मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा गिटारीला सहा तारा होत्या आणि त्या पाच वेगवेगळ्या गोत्रांतल्या. वरच्या दोन सतारीच्या पोलादी, माझ्याकडच्याच. तिसरी सायकलच्या ब्रेकची दोरी उसवून काढलेली. चौथी पितळेची. पाचवी म्हणजे पिळाच्या दोऱ्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळून त्यांची बायको बद्रुन्निसा हिनं हातानं केलेली. आणि सहावी, सगळ्यात जाड, सगळ्यात खालची, ती तार नव्हतीच. वडलांच्या, त्यांच्या आब्बांच्या, तातीचा उरलेला तुकडा होता तो. टोक तासून बारीक करून त्यांनी तो खुंटीत ओवला होता. कांडी म्हणून हातात मोटारीच्या इंजिनातली पिस्टनची पिन होती.

"सूर कुठून घेता?" मी विचारलं.

त्यांनी भिंतीला टेकवलेल्या पिंजणावर बोटाचा एक ठोका दिला. त्यावर आता नवी तात होती, पण लाकूड तेच. त्या घुमाऱ्याला त्यांनी सहावी तार मिळवली. तो त्यांचा सा. मग त्यावर पंचम, वर पुन्हा सा, पुन्हा पंचम, आणि शेवटच्या दोन्ही तारा पुन्हा सा. गंधार नावालाही नाही. शिवाय शेवटच्या दोन तारा एकमेकींना नीट मिळवलेल्या नव्हत्या, एक केसभर उतरलेली होती. दोन्ही एकदम छेडल्या की त्यांच्यात लाट उठायची.

"अहो, ही बेसूर आहे," मी म्हणालो आणि खुंटीला हात घातला.

"ऱ्हाऊ द्या मास्तर," ते घाईनं म्हणाले. "पिंजन आसंच बोलतं."

मग त्यांनी वडलांची चाल वाजवली. मी त्या दिवशी घरी जाऊन मनकर्णाला म्हणालो की एका पिंजाऱ्यानं गिटारीची गोधडी करून ठेवलीय. ती म्हणाली, "मग तुमचे डोळे का लाल झालेत?" मी म्हणालो, कापसानं. खरं सांगायचं तर तशी मींड मी त्याआधी ऐकली नव्हती. खालून तातीचा घुमारा, वर ती लाट, आणि मधून सरकत जाणारा सूर, एखाद्या माणसानं कामाच्या नादात गुणगुणावं तसा. पण हे मी त्यांना कधीही सांगितलं नाही. शिष्याची स्तुती करू नये असं माझं तत्त्व होतं, आणि ते माझे शिष्य आहेत असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

सेहेचाळीसच्या शिमग्याच्या सुमारास मिरजगावचा सहादेव, शमशेरच्या ओळखीचा, लढाईवरून सुटून आला. तो खाजाभाईंना शोधत झेंडीगेटला आला आणि म्हणाला, "शमशेर जित्ता हाय. मुंबईला गोदीवर मला भेटला. कुठल्यातरी हाटेलात कामाला हाय म्हनला. घरी चल म्हनलं तर म्हनतो, भावानं तोंड दावू नको म्हनलंय." एवढं बोलून शमशेर गर्दीत शिरला आणि सहादेवला पुन्हा दिसला नाही.

खाजाभाई दुसऱ्याच दिवशी मुंबईला गेले. आठ दिवस हॉटेलं हिंडले. परत आले ते सरळ माझ्या क्लासात, आणि पेटीशेजारी बसून राहिले. त्यांना तेव्हापासूनच दम लागायला लागला होता, कापसाची धूळ छातीत बसते पिंजाऱ्यांच्या.

"लई हाटेलं हायेत मास्तर," ते म्हणाले. "पर एक ध्येनात आलं. समद्या हाटेलात गान्याच्या प्लेटी वाजत्यात. दिसभर. माजी एक प्लेट निगाली तर? चिठ्ठी त्याला वाचता येत न्हाई, पर आब्बांची तात त्याला कळंल. त्यानंच तोडलीया ती. त्यो आवाज ऐकला की समजंल, भावानं ती टाकली न्हाई, जपलीया. मग यील त्यो."

मी हसलो. मोठ्यानं हसलो, हेही लिहून ठेवतो.

आणि त्याच पावसाळ्यात मुंबईच्या एका लहानशा ग्रामोफोन प्लेट कंपनीचे आप्पासाहेब नगरला आले. मी त्यांना माझ्या क्लासात बोलावलं होतं, माझ्या दोन शिष्यिणींचं गाणं ऐकायला. महिनाभर त्या पोरींना मी घासून घेतलं होतं. आप्पासाहेबांनी दोघींना ऐकलं, पान लावलं, आणि "छान तयारी आहे" म्हणाले. ज्यांना घ्यायचं नसतं त्यांना छान तयारी आहे असं म्हणतात, हे मला ठाऊक होतं. निघता निघता त्यांची नजर खाजाभाईंकडं गेली, प्लेटवाले येणार हे ऐकून ते कोपऱ्यात मांडीवर गिटार घेऊन बसले होते. "हे काय वाजवतात?" खाजाभाईंनी वडलांची चाल वाजवली. आप्पासाहेब चपला घालता घालता थांबले आणि पुन्हा खाली बसले.

"दिवाळीच्या आधी मुंबईला या," ते म्हणाले. "असंच वाजवा. अगदी असंच."

खाजाभाईंनी माझे पाय धरले. माझे, आप्पासाहेबांचे नव्हेत. आणि माझ्या मनात काय होतं? माझ्या पोरींना छान तयारी, आणि ब्रेकच्या दोरीला मुंबई! मला आनंदही झाला होता, खोटं बोलत नाही. पण ही प्लेट निघणारच असेल तर तिच्यात पुंजाराम मास्तराचा हात असला पाहिजे, अशी एक खाज मला सुटली. ती खाज नडली.

मी पुण्याहून मेहुण्याकरवी हवाइयन गिटारीच्या असली विलायती तारांचा संच मागवला. लढाई संपल्यावर असा माल पुन्हा मिळायला लागला होता. सोबत एक इंग्रजी पुस्तिका होती, तीत गिटार कशी मिळवायची त्याचा तक्ता होता. आमच्या भाषेत सांगायचं तर खालून प सा प सा ग प. सगळ्या तारा मोकळ्या छेडल्या की गोड, भरलेला, साहेबी आवाज. मी ते सगळं घेऊन झेंडीगेटला गेलो.

खाजाभाईंनी तारांची पुडी उलटीसुलटी करून बघितली. "लई चकचकीत हायेत," ते म्हणाले. "पर सहावी ऱ्हाऊ द्या मास्तर. बाकीच्या बदला. त्या एकीसाठीच तर चाललोय."

ते इतकं स्पष्ट म्हणाले होते. आणि त्या एकीसाठीच ते का चालले होते, हे मला माहीत होतं.

"खाजाभाई, पाच पोलादी आणि एक आतड्याची, अशी गिटार जगात कुठं नाही," मी म्हणालो. "कंपनीतले लोक हसतील."

"आप्पासायेब तर म्हनले, आसंच वाजवा."

"शिष्टाचार असतो तो. मोठी माणसं असं म्हणतात."

त्यांनी सहाव्या तारेवर हात ठेवला आणि हलले नाहीत. बद्रुन्निसाभाभी दारात उभी होती. तीही तिथून हलेना. त्या दोघांच्या हटून बसण्यानं माझं टाळकं सरकलं आणि मी जे बोललो ते मला मरेपर्यंत पुरेल.

"आणि शमशेरनं ऐकलं म्हणजे त्याला काय वाटेल, याचा विचार केलात? चार वर्षांनी भावाचा आवाज ऐकायचा, तोही त्याच तुटक्या तातीचा? त्याला वाटेल भाऊ अजून तेच उगाळत बसलाय. माझी चूक साऱ्या मुलखाला ऐकवतोय."

खाजाभाईंचा चेहरा पडला. हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं. खरं तर माझ्याही मनात नव्हतं. मला वाद जिंकायचा होता, तोंडाला आलं ते बोललो. ते बराच वेळ त्या तातीवरून अंगठा फिरवत राहिले.

"तुमी शिकल्याली मानसं," ते शेवटी म्हणाले. "तुमाला म्होरलं दिसतंय. काडा मग."

तासलेलं टोक खुंटीत घट्ट रुतलं होतं, सुटेना. मी पक्कड मागितली. खाजाभाई आत गेले आणि पक्कड घेऊन आले. मी तात दोन ठिकाणी कापली. तुकडे एवढे आखूड झाले की कशालाही पुरणार नव्हते. भाभीनं ते उचलले असते, पण मी आधीच बाहेर गटारात फेकून हात झटकले होते.

नव्या तारा लगेच सुरात राहत नाहीत. ताणल्या की वाढतात, उतरतात, पुन्हा चढवाव्या लागतात. पंधरा दिवस मी रोज जाऊन त्या बसवून घेतल्या. शेवटच्या दोन तारांतली लाट गेली. गंधार आल्यावर चालही जरा बदलली, कारण मोकळ्या तारेत गंधार वाजतोय म्हटल्यावर तो कुठंतरी घालायलाच हवा. मी तो घातला, सुरुवातीला आणि शेवटी. खाजाभाई सांगितलं तसं वाजवायचे. चुकत नव्हते. मी खूश होतो.

मुंबईला आम्ही दोघं गेलो. प्लेट भरायच्या खोलीत खाजाभाईंनी पहिल्यांदा वाजवून दाखवलं तेव्हा आप्पासाहेब काचेपलीकडून बाहेर आले.

"त्या दिवशी खाली काहीतरी घुमत होतं," ते म्हणाले. "ते कुठं गेलं?"

"ते आम्ही दुरुस्त केलं," मी म्हणालो.

आप्पासाहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग खाजाभाईंकडं. खाजाभाई खाली तारांकडं बघत होते. बाहेर पुढच्या गाण्याची मंडळी ताटकळत बसली होती. आप्पासाहेब म्हणाले, "बरं, चला," आणि प्लेट भरली. तबला संगतीला होता, म्हणून ठोक्यांचा तो मूळचा तालही सपाट झाला. लेबलावर 'मास्टर के.' असं नाव घालायचं ठरलं. तीही सूचना माझीच. त्यानंतर आम्हाला परतायचं होतं, पण खाजाभाईंनी दोन दिवस मागून घेतले आणि पुन्हा हॉटेलं हिंडले. मी सोबत गेलो नाही. पाय दुखत होते.

शिमग्यापर्यंत प्लेट आली. लाल लेबलावर सनईचं चित्र. कापड बाजारातल्या एका ओळखीच्या दुकानदाराकडं ग्रामोफोन होता, तिथं आम्ही ती लावली. चांगली वाजली. लोक जमले. मी सगळ्यांना सांगत होतो की तारा मी बसवल्या. खाजाभाई भोंग्याजवळ मान वाकडी करून शेवटपर्यंत ऐकत राहिले. सुई खरखरायला लागली तेव्हा त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, "चांगलं वाजवतोय. कोन हाय मास्तर?"

दुकानदार हसला. मीही हसलो. त्यांनी गंमत केली असं आम्ही धरून चाललो.

प्लेट खपली. आप्पासाहेबांचं पत्र आलं की मुंबईच्या हॉटेलांत ती मागतात. मी ते पत्र खाजाभाईंना वाचून दाखवलं. त्यानंतर वर्षभर ते संध्याकाळी बोळाच्या तोंडाशी येऊन उभे राहायचे. पुण्याची मोटार आली की उतारू झेंडीगेटवरून जायचे, त्यांच्यात बघायचे. गिटार खुंटीला टांगलेली असायची. मी एकदा म्हणालो, वाजवत का नाही? ते म्हणाले, "हात बसत न्हाई मास्तर. दुसऱ्याच्या घरात शिरल्यावानी वाटतं." तेव्हा कुठं माझ्या डोक्यात थोडा उजेड पडला. मी गुपचूप जाऊन खाटकांकडून, दुसऱ्या पिंजाऱ्यांकडून ताती आणल्या. एकामागून एक पाच लावून पाहिल्या. खाजाभाई प्रत्येक वेळी पिंजणावर ठोका द्यायचे, ऐकायचे, आणि माझं मन मोडू नये म्हणून म्हणायचे, "जवळ आलीया." जवळ एकही आली नव्हती. एवढं मला कळत होतं.

अठ्ठेचाळीसच्या भादव्यात त्यांचा दम फार वाढला. पिंजण उचलवेना. भाभी एकटी हातानं कापूस मोकळा करून उशा भरायची. शेवटच्या दिवसांत मी रोज जाऊन बसायचो. मला बोलायचं होतं, पण सुरुवात कुठून करावी ते सुचत नव्हतं, आणि पेटीवरच्या वायफळ गप्पा मारून मी उठायचो. एके दिवशी ते म्हणाले, "मास्तर, शमशेरनं प्लेट ऐकली नसंल." मी म्हणालो, नसेलच ऐकली, मुंबई केवढी मोठी. त्यांना ते बरं वाटलं. चौथ्या दिवशी ते गेले.

संक्रांतीच्या सुमारास माझ्या क्लासाच्या दारात खाकी कोट घातलेला एक माणूस येऊन उभा राहिला. "पुंजाराम मास्तर तुमीच का? मी शमशेर. खाजाभाईचा भाऊ." सहादेव त्याला पुन्हा मुंबईत भेटला होता आणि भाऊ गेल्याचं सांगितलं होतं, माझं नावही त्यानंच दिलं होतं. घराच्या दारापर्यंत जाऊन तो माघारी फिरला होता. एकट्यानं आत जायचा त्याला धीर होईना.

मी त्याला घेऊन गेलो. भाभीनं त्याला बघितलं आणि पाट पुढं सरकवला. मग आत जाऊन रजईच्या फडक्यात गुंडाळलेली प्लेट आणून त्याच्या हातात दिली. "तुज्यासाठी काडली हुती त्यांनी. तू ऐकशील म्हनून."

शमशेरला वाचता येत नव्हतं, पण सनईचं चित्र त्यानं लगेच ओळखलं. "ही? ही आमच्या हाटेलात हाय! मीच लावतो. दिसातनं धा-धा येळा लावलीया मी ही. गिऱ्हाइकं लई मागत्यात." तो प्लेट हातात फिरवत राहिला. "ही भाईजाननं वाजवलीया?"

मी मान हलवली.

"दोन-तीनदा वाटलं हुतं मला," तो सावकाश म्हणाला. "चाल कुटंतरी ऐकल्याली हाय. पर म्हनलं, आब्बांची आसती तर तिच्यात त्यो घुमारा आसता. ह्ये कुनी सायेबानं बशिवलंय. आन् आपल्या आब्बांची चाल प्लेटीत कशाला यील?"

तो खिशात हात घालून काहीतरी चाचपत होता. बाहेर काढला तो तातीचा तुकडा होता, गुंडाळून काळा पडलेला. ब्रह्मदेशात, गोदीवर, हॉटेलात, सात वर्षं त्यानं तो बाळगला होता. "भाईजाननं माफ केलं आसतं तर ह्यो परत देनार हुतो. आता तुमी ठिवा मास्तर. तुमाला त्यातलं कळतंय."

मी खुंटीवरची गिटार काढली. सहावी तार उतरवली. तात ओवायला फार वेळ लागला. पिंजण अजून भिंतीला टेकवलेलं होतं. खाजाभाई द्यायचे तसा मी त्यावर ठोका दिला आणि तात त्या घुमाऱ्याला मिळवली. मग वरच्या दोन्ही तारा सा वर आणल्या आणि त्यांतली एक केसभर उतरवली. माझ्या आयुष्यात जाणूनबुजून मी बेसूर केलेली ती पहिली तार. वाजवता मला येत नव्हतं. मी फक्त छेडलं.

शमशेर पाटावरून उठून उभा राहिला. "ह्योच," तो म्हणाला. "ह्यो आवाज प्लेटीत पायजे हुता मास्तर. मी कपबश्या तितंच टाकून पळत आलो आसतो."

"गिटारीवर होता तो," मी म्हणालो. "तुमच्या भावानं तातीचा दुसरा तुकडा लावला होता. मी तो कापून टाकला."

तो पुन्हा पाटावर बसला. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. मग त्यानं हळूच विचारलं, "भाईजान कायी बोलला न्हाई?"

"नाही," मी म्हणालो. "मी पक्कड मागितली, ती त्यांनीच आणून दिली."